भुवई कोरण्याआधी

मैत्रिणींनो, दोन वर्षांपूर्वीच्या एप्रिलमधली गोष्ट. आलापल्लीचं ऊन ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगून पटायचं नाही. भोवती एवढं सागाचं जंगल, पण त्या दिवसांत सागाला पान नसतं. सावली काय ती घराच्या भिंतीची. शाळा सकाळची होती, मी नुकती घरी येऊन पाय धुतले होते, तोच माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई दारात उभी. हातात गुळगुळीत कागदाची घडी. "मॅडम, हे इंग्रजीत हाये, वाचून सांगाल का जी?" म्हणाली, आणि बसता बसता तिने पदराने तोंडावरचा घाम पुसला.

घामाबरोबर तिची डावी भुवई अर्धी पुसली गेली.

तिला कळलं. तिने पदर तसाच कपाळावर धरून ठेवला. मग माझ्या तोंडाकडे पाहून हळूच खाली घेतला. भुवईचा बाहेरचा भाग, कानाकडचा, साफ गेलेला; उजवीकडेही तेच, फक्त जरा कमी. वर्षभर ती पेन्सिलीने रेघ ओढून वेळ मारून नेत होती. कागद होता एका केस लावणाऱ्या दवाखान्याचा. तिच्या भावाने शहरातून आणून दिलेला. डोक्यावरचे केस काढून भुवईत लावून देतो, एका दिवसात घरी जा, असा सगळा मजकूर. बचत गटातून कर्ज काढायची तिची तयारी होती. तिथे फोनही करून झाला होता, आणि पलीकडच्या मुलीने भुवईचा फोटो मागवून थेट पैशांचा आकडा सांगितला होता. केस का गेले, हे एका शब्दाने विचारलं नव्हतं.

मीही विचारलं नाही, हे आधी कबूल करते. मी सरळ तिलाच बोलले. "दर आठ दिवसांनी थ्रेडिंग कशाला करत होतीस?" ती म्हणाली, "मी कधी पार्लरात गेलीच नाही जी." तेव्हा मी गप्प झाले.

भुवया कोरणं हा आपल्यापैकी बहुतेकींच्या महिन्याच्या खर्चातला एक खर्च, त्यामुळे भुवई म्हटलं की आपल्या मनात पार्लरच येतं. वर्षानुवर्षं एकाच जागचे केस उपटत राहिलं तर काही मुळं कायमची थकतात, हे खरं आहे. पण भुवई जाण्याची इतर कारणं मोठी आहेत, आणि त्यांतली काही तर अंगातल्या दुखण्याचा पहिला निरोप असतात. थायरॉइडचं काम मंदावलं की भुवईचा बाहेरचा तिसरा हिस्सा विरळ होतो. सोबत अंग जड वाटणं, थंडी सोसेनाशी होणं, पाळी बिघडणं, आवाज घोगरा होणं असं काही असेल तर रक्ताची एक तपासणी पुरते. चाई पडते, तेव्हा गोल चट्टा पडून केस जातात आणि पुष्कळदा आपोआप परतही येतात. स्टोव्हच्या भडक्याने किंवा चुलीच्या जाळाने भाजलेल्या बाया तर आपण सगळ्यांनीच पाहिल्या आहेत. काही जणींना काळज्यांपायी नकळत भुवईचे केस ओढायची सवय असते, विशेषतः वयात येणाऱ्या मुलींना. तिथे रागावून काही होत नाही. आणि ती सरसकट वापरली जाणारी काळी मेंदी! तिच्यातल्या रंगद्रव्याने कातडी अशी पेटते की केसांसकट निघून येते. डोक्याला लावायची असेल तर तुमची मर्जी, भुवईला मात्र कधीच लावू नका.

आणि आमच्या भागात आणखी एक कारण आहे, ज्याचं नाव घ्यायला लोक कचरतात. मी घेते. कुष्ठरोग.

ती बाई बसल्या बसल्या सहज म्हणाली होती, मनगटाजवळ तव्याचा चटका बसला, फोड आला, पण बसला कधी ते समजलंच नाही. तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, उलट जरा कौतुकच होतं, की आपलं अंग आता सरावलं म्हणून. मी बी.ए. झालेली, डॉक्टर नव्हे. पण शाळेत दरवर्षी ३० जानेवारीच्या सुमाराला, गांधीजींच्या पुण्यतिथीला, कुष्ठरोगाची माहिती वाचून दाखवायची असते, ती बहुतेक वेळा माझ्याच वाट्याला येते. न दुखणारा चटका, बाहेरून गेलेली भुवई, जाड झालेली कानाची पाळी. मुलांपुढे घडाघडा वाचलेलं ते सगळं समोर येऊन बसलं होतं आणि मला मात्र तोंडातून शब्द काढता येईना.

एवढंच म्हटलं की उद्या दवाखान्यात जाऊ, मी येते सोबत.

ती गेल्यावर मी तिचा चहाचा कप दोनदा घासला. दुसऱ्यांदा घासताना माझी मलाच लाज वाटली, तरी घासला. हे लिहिताना हात अडखळतोय, पण ते झाकून ठेवून तुम्हाला शहाणपण सांगण्यात अर्थ नाही.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तिला डोळे मिटायला सांगितले, अंगावर ठिकठिकाणी पेनाचं टोक हलकेच टेकवलं आणि जिथे लागेल तिथे बोट ठेवायला सांगितलं. काही जागी तिचं बोट हललंच नाही. कोपराच्या आतली नस चाचपली, ती दोरीसारखी जाड लागत होती. पाठीवर फिकट चट्टे होते, तिने स्वतः कधी न पाहिलेले. आपली पाठ कोण पाहतं, सांगा! दरवर्षी घरोघर शोधमोहीम होते, आशाताई येतात, पण ओसरीवर सासऱ्यांसमोर कुठली सून पाठ दाखवील? तिने हात पुढे केले होते, ताईंनी हात पाहिले, आणि पुढच्या घरी गेल्या. तेव्हा मैत्रिणींनो, आशाताई आल्या की त्यांना आत न्या, दार लावा, आणि पाठ नीट दाखवा.

आता या रोगाचं थोडं सांगते, कारण ते न समजता भुवईची गोष्ट समजायची नाही. नॉर्वेच्या हॅन्सन या डॉक्टरांनी १८७३ साली या रोगाचा जंतू शोधला. तो जंतू शरीराच्या थंड भागांत रमतो, नाक, कान, भुवया, हातापायांच्या नसा. भुवईतल्या केसांच्या मुळाशी तो जमला की केस गळतात, आणि एकदा मूळ मेलं की रोग बरा झाला तरी केस बहुधा परत येत नाहीत. रोग पसरतो तो उपचार न घेतलेल्या माणसाच्या नाकातोंडातून, तोही बराच काळ जवळ राहिल्याने; आणि शंभरातल्या पंचाण्णव जणांच्या अंगात त्याला परतवायची ताकद मुळातच असते. औषध सुरू झालं की थोड्याच दिवसांत माणूस दुसऱ्याला रोग देण्याच्या स्थितीत राहत नाही. म्हणजे माझं ते दोनदा कप घासणं किती निरर्थक होतं पाहा.

१९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने अनेक औषधं एकत्र द्यायची पद्धत सांगितली, तेव्हापासून हा रोग पूर्ण बरा होतो. रोग थोडा असेल तर सहा महिने, जास्त असेल तर बारा महिने. गोळ्यांची पाकिटं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. गरोदरपणात आणि अंगावर पाजतानाही ती चालू ठेवतात. या बाईला बारा महिन्यांचं औषध निघालं. दोन गोष्टी मात्र कुणी आधी सांगत नाही आणि मग बाया घाबरून गोळ्या बंद करतात, म्हणून सांगून ठेवते. महिन्यातून एकदा घ्यायच्या रिफॅम्पिसिनने लघवी तांबडी होते. ते रक्त नव्हे, एक-दोन दिवसांत जातं. आणि क्लोफाझिमिनने कातडी तांबूस-काळी पडते. हे बायकांना फार लागतं. गोळ्या संपल्यावर काही महिन्यांनी रंग हळूहळू उतरतो, पण तोपर्यंत शेजारणी विचारायच्या थांबत नाहीत. घरात सिकलसेल असेल, अंगात रक्त कमी असेल, तर डॅप्सोन सुरू करायच्या आधी डॉक्टरांना जरूर सांगा. आमच्या गडचिरोली-चंद्रपूरकडे हे विशेष ध्यानात ठेवायला हवं. आणि मध्येच चट्टे लाल होऊन सुजले, नस ठणकायला लागली, तर त्याला रिअॅक्शन म्हणतात. गोळ्या बंद न करता त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, नाहीतर हात वाकडा व्हायला वेळ लागत नाही.

औषधाचं असं सोपं होतं. घरचं नव्हतं. पहिल्याच आठवड्यात तिचं ताट वेगळं झालं. "माहेरी पाठवून देऊ" हे शब्द सासूच्या तोंडून निघाले, आणि कुणा जाणत्या नातेवाइकाने नवऱ्याला सांगितलं की या रोगावर तर कोर्टात सोडचिठ्ठी मिळते. मैत्रिणींनो, ही गोष्ट एके काळी खरी होती. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात असाध्य आणि उग्र स्वरूपाचा कुष्ठरोग हे घटस्फोटाचं एक कारण म्हणून लिहिलेलं होतं, आणि रोग बरा करणारं औषध येऊन पस्तीस वर्षं होऊन गेली तरी ते तसंच राहिलं. अखेर २०१९ साली संसदेने कायदा करून ते काढून टाकलं, हिंदूंच्याच नव्हे तर मुसलमान, ख्रिस्ती आणि नोंदणी विवाहाच्या कायद्यांतूनही. आज केवळ या रोगापायी कोणी बायकोला सोडून देऊ शकत नाही, आणि बायको नवऱ्यालाही. मी हे एका कागदावर लिहून तिच्या नवऱ्याच्या हातात दिलं. तो शिकलेला आहे. त्याने वाचलं, घडी घातली, खिशात ठेवलं. काही बोलला नाही. पण माहेरचं बोलणं त्यानंतर निघालं नाही.

या सगळ्यात भुवई कुठे राहिली, असं तुम्ही म्हणाल. ती कुठे जात नाही हेच तर दुःख! डॉक्टर म्हणाले, तू बरी होशील. ती म्हणाली, पण लोक तर तोंडच पाहतील. रोग पाठीवर असला तर लुगड्याखाली झाकतो. हाताचं बोट वाकलं तर पदराखाली जातं. भुवई मात्र सगळ्यांच्या नजरेसमोर. आमच्याकडे जुन्या माणसांना बिनभुवईचा चेहरा दिसला की न सांगता कळतं, त्यांनी आयुष्यभर तसे चेहरे पाहिलेत. याच चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याला बाबा आमट्यांनी १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि आनंदवन उभं केलं, तेव्हा घरादाराने टाकलेली माणसं तिथे आली. औषध देऊन त्यातली कितीतरी बरी झाली असतील, पण घरी परत गेलेली किती? चेहऱ्यावर खूण राहिली की गाव परत घेत नाही. आलापल्लीहून भामरागडच्या रस्त्याला लागलं की हेमलकसा लागतं. १९७३ साली सुरू झालेला लोक बिरादरीचा दवाखाना, डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे. ही नावं तुम्हाला माहीत आहेत, म्हणून लांबण लावत नाही.

मला स्वतःला ठाऊक नव्हतं ते हे, की भुवई लावण्याची शस्त्रक्रिया आपल्या देशात नट-नट्यांसाठी आलेली नाही. ती याच माणसांसाठी आली. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातले डॉ. नोशीर अंतिया, प्लॅस्टिक सर्जरीतलं मोठं नाव, विलायतेत शिकून आले आणि पुण्याजवळ कोंढव्याच्या कुष्ठरुग्णालयात काम करू लागले. १९५० नंतरची ती वर्षं. पुष्कळ डॉक्टर तेव्हा या रोग्यांना हात लावायला तयार नसत. अंतियांनी बसलेली नाकं उभी केली, ओघळलेली कातडी आवरली, गेलेल्या भुवया लावल्या, आणि या रोगातल्या चेहऱ्याच्या दुरुस्तीवर १९६३ साली मोठा लेख लिहिला. तिकडे दक्षिणेत वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड होते. हातापायांच्या शस्त्रक्रियांसाठी ते जगभर गाजले, पण भुवयाही करत. कानशिलावरच्या केसाळ कातडीचा भुवईएवढा तुकडा, त्याची रक्तवाहिनी न तोडता, कपाळाच्या कातडीखालून बोगदा करून भुवईच्या जागी आणायचा. रक्तपुरवठा चालूच, त्यामुळे केस झुपकेदार वाढत. डोक्याचेच केस ते, डोक्यासारखेच लांब वाढणार! ब्रँड यांनी लिहून ठेवलंय की काही रोग्यांना इतक्या वर्षांनी भुवई आल्याचं एवढं अप्रूप की ते ती कापायलाच तयार नसत, डोळ्यांवर आली तरी वाढू देत. मला हे वाचून हसू आलं, आणि मग पुष्कळ वेळ आलं नाही.

दुसरी पद्धत होती कानामागच्या केसाळ कातडीची बारीक पट्टी कापून भुवईत शिवून टाकायची. तिला रक्त नव्याने मिळावं लागतं, सगळी पट्टी जगेलच असं नाही, आणि जगली तरी लावल्यासारखी दिसते. जपानमध्ये ओकुदा नावाच्या डॉक्टरांनी १९३९ सालीच कातडीचे बारीक गोल तुकडे लावून डोक्यावर आणि भुवईत केस उगवून दाखवले होते, पण मध्ये महायुद्ध आलं आणि पश्चिमेकडे त्याची वार्ताच पोचली नाही. आज जे करतात ते त्याचंच फार नाजूक झालेलं रूप आहे. डोक्याच्या मागच्या बाजूचं किंवा कानामागचं एकेक केस मुळासकट काढायचं आणि भुवईत सुईच्या टोकाएवढ्या छिद्रात बसवायचं. एका भुवईला साधारण दोनशे-तीनशे केस लागतात, जास्त गेली असेल तर अधिक. जागा बधिर करतात, पूर्ण भूल देत नाहीत. कौशल्य सगळं दिशेत आहे. आरशात आपली भुवई जरा बारकाईने पाहा: नाकाजवळचे केस वर जातात, मधले तिरपे, आणि शेपटीकडचे कानाकडे आडवे झोपतात. केस कातडीला जवळजवळ चिकटून बसवावा लागतो. चुकून उभा लागला तर भुवई कुंचल्यासारखी दिसते आणि मग जन्मभर ते निस्तरत बसायचं.

म्हणून हे काम कुणाच्या हातून करून घ्यायचं हा प्रश्न मोठा. २०२२ साली राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने स्पष्ट सांगितलं की केस लावण्याची शस्त्रक्रिया शिकलेल्या डॉक्टरनेच करायची, व्हिडिओ पाहून किंवा चार दिवसांच्या वर्गात शिकलेल्या तंत्रज्ञाने नव्हे. तुम्ही बिनदिक्कत विचारा. कोण करणार? त्यांचं शिक्षण काय? त्वचारोगतज्ज्ञ की प्लॅस्टिक सर्जन? केस का गेले याची तपासणी कोण करणार? याला सरळ उत्तर न देता पैशांचा आकडा सांगणाऱ्या ठिकाणाहून पर्स उचलून निघायचं. खासगीत खर्च थोडाथोडका नसतो, म्हणून मोठ्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या त्वचा विभागात आधी विचारून घ्या. निदान तरी तिथे नीट होतं.

सगळ्यात महत्त्वाचं, मुळातला आजार पूर्ण शांत झाल्याशिवाय केस लावायचे नाहीत. थायरॉइडचं औषध लागू पडलं तर पुष्कळदा भुवई आपली आपण भरते, मग कशाला लावायची? चाई चालू असेल तर लावलेले केसही ती खाऊन टाकते. भाजल्याचा व्रण मऊ व्हायला वर्ष जाऊ द्यावं लागतं, आणि त्यातही सगळे केस धरत नाहीत. कुष्ठरोगात औषधाचा पूर्ण कोर्स झालेला, रिअॅक्शन नाही, नवे चट्टे नाहीत, हे डॉक्टरांनी लिहून दिल्यावरच. या बाईला तर कोर्स संपल्यावरही निदान सहा महिने थांबायला सांगितलं. त्या मधल्या काळात तिने पेन्सिल वापरली. मी तिला गडद काळीऐवजी तपकिरी-काळी आणून दिली आणि एक सलग रेघ न ओढता छोट्या छोट्या रेघा मारायला शिकवल्या, त्या खऱ्या केसांसारख्या दिसतात. वरून जराशी पावडर टिपली की घामाने लवकर पुसत नाही. भुवई गोंदवून घेण्याचंही हल्ली फार निघालंय. ती काही वर्षांत निळसर-तांबूस दिसू लागते आणि सुई स्वच्छ नसेल तर रक्तातून नको ती दुखणी येतात, म्हणून मी तिला नकोच म्हटलं. एरंडेल लावा म्हणून मला चार जणींनी सांगितलं. लावा की, तेलाने वाईट काही होत नाही. पण मेलेल्या मुळातून तेलाने केस उगवत नाही.

यंदाच्या जानेवारीत तिने शहरात जाऊन शस्त्रक्रिया करून घेतली. बचत गटाचं कर्ज शेवटी काढलंच, पण या वेळी डॉक्टर नीट पाहून, आणि नवराही सोबत गेला. दिवस मोडला तेवढाच. पुढचे दोन-तीन दिवस पापण्या सुजून डोळे बारीक झाले होते. उशा उंच करून झोपायला सांगितलं होतं. भुवईवर बारीक खपल्या धरतात, त्या आठवडाभरात आपोआप पडतात. खाजवायच्या नाहीत, काढायच्या नाहीत, घाम पुसायचा तर टिपून, घासून नाही. आठवडाभर ती चुलीपाशी बसली नाही, आणि हे तिच्या घरात कसं जमलं ते ती सांगत नाही.

मग फेब्रुवारीत ती पडेल चेहऱ्याने आली. लावलेले केस गळायला लागले होते! मीही मनातून हादरले, पण तिच्या कागदावर ते छापलेलं होतं. लावलेला केस तीन-चार आठवड्यांत गळतो, मूळ आत राहतं, आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून नवा केस फुटतो. पूर्ण भरायला वर्षही लागतं. तुमच्यापैकी कुणी ही शस्त्रक्रिया करून घेणार असाल तर हे कपाटाच्या दारावर लिहून चिकटवा. मधल्या दोन-तीन महिन्यांत सासू, नणंद, शेजारीण, सगळ्या म्हणतील, गेले ना पैसे पाण्यात!

तिच्या सासूनेही म्हटलं. सासूचं असं, की घरातल्या सगळ्यांची तपासणी करायला डॉक्टरांनी बोलावलं, तर सगळे गेले आणि या बाई गेल्या नाहीत. मला काही झालेलं नाही, म्हणाल्या. सुनेचं ताट अजून वेगळंच आहे. औषध संपून वर्ष उलटून गेलं, भुवई आली, कागदावर 'रोगमुक्त' असं लिहिलेलं आहे, तरी ताट फळीवर एकीकडेच. नवरा कधीमधी मुद्दाम त्या ताटात जेवायला बसतो, असं ती म्हणाली. आणि हे सांगताना ती खाली बघत होती.

परवा श्रावणातल्या सोमवारी, शाळा लवकर सुटली म्हणून मी घरी होते. बाहेर धो धो पाऊस. ती छत्री दारात टेकवून आत आली, पदराने तोंड पुसलं, खसाखसा पुसलं, आणि भुवई होती तिथेच राहिली. एक बाजू मात्र चांगलीच आखूड. डोक्याचे केस ते, महिन्याला अर्धा इंच वाढणारे, दर आठ-दहा दिवसांनी कापावे लागतात. तिने नखं कापायच्या कात्रीने कापले होते आणि हात घसरला होता.

मी माझी शिवणाची बारीक टोकाची कात्री काढली, जुना दात घासायचा ब्रश धुऊन घेतला. तिला खिडकीपाशी उजेडात बसवलं. आधी ब्रशने केस वर विंचरायचे, मग वरून जेवढे बाहेर येतील तेवढेच कापायचे, असं दाखवलं. दुसरी बाजू थोडी आखूड करून दिली, तरी पूर्ण सारखी झाली नाही. तिने आरसा घेतला, मान इकडे तिकडे करून पाहिलं.

"राहू द्या जी मॅडम," ती म्हणाली. "वाढते ना ते."